चरचर आणि बाबांचे दिवे

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. आवाज मात्र गोड आहे म्हणतात, आणि त्या आवाजावरच माझं पोट आहे. मी पुस्तकं वाचते. म्हणजे घरी बसून, माईकसमोर, मोठ्याने. मग ज्यांना वाचायला वेळ नाही किंवा डोळे नाहीत, ती माणसं भाजी चिरताना, गाडी चालवताना, अंथरुणावर कूस बदलताना ते ऐकतात. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, पण वाचताना मला ती अंधारात समोर बसलेली वाटतात.

आमच्या घरातली सगळ्यात लहान खोली माझी. पूर्वी तिथे सामान असायचं. खिडकीला दोन जाड रजया ठोकल्यात, भिंतींना जुन्या गादीचा फोम लावलाय, दार लावलं की कानात कापूस घातल्यासारखं होतं. एक टेबल, पुस्तकाचा स्टँड, माईक, आणि टेबलाशेजारी संगणक. तो माझ्या नणंदेनं जोडून दिला. तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. हातात कायम तारा जोडायची तापलेली सोल्डरिंगची गन आणि जिभेवरही तेच, म्हणून घरात तिला सगळे ठिणगी म्हणतात.

संगणक पहिल्यांदा चालू केला तेव्हा मी हात जोडले. पंख्यांना दिवे, मेमरीच्या पट्ट्यांना दिवे, कीबोर्डच्या एकेका बटणाखाली दिवा, आणि वर टेबलामागे भिंतीला चिकटवलेली दिव्यांची लांबलचक पट्टी. मी म्हटलं, अगं, मला कामाचं यंत्र हवं होतं, सर्कशीचा तंबू नको. ठिणगी म्हणाली, हल्ली आतला माल चांगला घेतला की दिवे पदरात पडतातच, नको असतील तर बंद कर. पण पंखे मुके होते, माईकला त्यांची कुजबुजसुद्धा ऐकू जात नव्हती, म्हणून मी गप्प बसले. आणि मग ते दिवे बंद करायचे राहूनच गेले, कारण ते बाबांना आवडले.

बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी उभा जन्म नाटकांना उजेड दिला. नटांची नावं लोकांना पाठ असतात, उजेड देणारा माणूस प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या केबिनमध्ये बसलेला असतो आणि तिकडे कोणी मान वळवून पाहत नाही. बाबांना त्याचं काही नव्हतं. मागच्या वर्षी त्यांना झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. गेली म्हणजे, एक शब्द तेवढा उरला.

तो शब्द होता ‘थांब’. ताट वाढलं की थांब, पाणी दिलं की थांब. माझा नवरा बंदरावर क्रेन चालवतो, तो सकाळी डबा घेऊन निघाला की दारापर्यंत जाऊन थांब. रागानं, लाडानं, कंटाळून, सगळं त्या एकाच शब्दात. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, एखादा शब्द तेवढा तगतो आणि तो कुठला, हे कोणाच्या हातात नसतं. आता बघा, घरात दिवसभर बोलून कमावणारी सून आणि तिला उठताबसता थांब म्हणणारे सासरे. नवरा एकदा हसला यावर. पुन्हा नाही हसला.

डाव्या हाताला काहीतरी उद्योग हवा, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तेव्हा ठिणगीनं बाबांना माझ्या संगणकासमोर बसवलं. दिवे चालवायचा एक प्रोग्राम असतो. पडद्यावर एकेका दिव्याचं चित्र, बाजूला रंगांचं चाक, खाली वेग आणि उजेड कमीजास्त करायच्या पट्ट्या. बाबांनी माऊस डाव्या हातात धरला आणि त्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी बाबांसारखा दिसला. मी स्वयंपाकघरात असेन तेव्हा सकाळी ते तिथे बसायचे. काय करायचे, मी पाहिलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा वेळ जातोय, एवढंच मला पुरेसं होतं.

दुपारी मी वाचायला बसले की ते माझ्यामागच्या खुर्चीत येऊन बसत. मी पान उलटलं, श्वास घेतला, की मागून हळूच ‘थांब’ यायचं. अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या. वाटायचं, यांना माझं वाचणंच नको आहे. मी मागे न बघता वाचायला लागायची आणि नंतर ध्वनिमुद्रणातून तो शब्द कापून दोन्ही टोकं घट्ट जोडून टाकायची, भाजीतून कीड काढतात तशी.

पण एक सांगते. त्या खोलीतलं माझं वाचन त्या दिवसांत बदललं होतं. डोळे पुस्तकावर असले तरी कडेनं उजेड जाणवायचा. मी नदीबद्दल वाचत असले की भिंतीवरून काहीतरी निळं, सावकाश सरकत जायचं. आवाज खाली आणला की खोलीही खाली बसायची. कोणाला हाक मारायचा प्रसंग आला की माझ्या हातांवर, पानाच्या कडांवर कुठूनसा पहाटेचा रंग चढत यायचा आणि मला वाटायचं, भिंती उघडल्यात, समोर पाणी आहे, आणि मी बोलेन ते पलीकडच्या काठाला ऐकू जाणार आहे. वाचून उठले की पाय जमिनीवर टेकायला वेळ लागायचा. दिवे आपलेआप फिरतात, कारखान्यातून तसेच आलेत, अशी माझी समजूत होती.

त्याच सुमारास मला ती कादंबरी मिळाली. मिळाली म्हणजे, मिळता मिळता राहिली होती. नदीवर नाव वल्हवणाऱ्या एका बाईची गोष्ट. तिची थोरली बहीण धुक्यात पलीकडे जाते आणि परत येत नाही. मोठं पुस्तक, वर्षभराचं काम, आणि असं वाचायला मिळावं म्हणून मी कितीतरी वर्षं भंगार पुस्तकं वाचली होती. मी नमुना पाठवला. प्रकाशनाच्या संपादिकेचा फोन आला. वाचन फार आवडलं म्हणाली, पण आवाजात चरचर आहे. तळणीत पाण्याचा थेंब पडावा तशी, मध्येच, अर्धा क्षण. आणि नेमकी चांगल्या जागी. पुन्हा करून पाठवा.

मी पुन्हा केलं. पुन्हा चरचर. हेडफोन लावून ऐकलं. सपाट वाक्यं स्वच्छ होती. जिथे जीव ओतला होता तिथे, बरोब्बर तिथे, आवाज फाटत होता. नावाडीण धुक्यात हाक मारते, “ताई, मी इथे आहे,” त्यातल्या ‘इथे’चे तर तुकडे झाले होते.

मी वायर बदलली. वरच्या मजल्यावरच्या बाईंशी त्यांच्या मिक्सरवरून भांडले, आणि त्यांच्याकडे मिक्सरच नव्हता. नवऱ्याला म्हटलं, तुझा फोन खोलीबाहेर ठेव. माझ्या दातांतच काही फट पडली का म्हणून आरशात पाहिलं. संपादिकेनं शेवटी मऊ आवाजात सांगितलं की आणखी एकदाच बघू, नाहीतर दुसऱ्या वाचकाला द्यावं लागेल. त्या संध्याकाळी मी बाबांवरही ओरडले. त्यांनी थांब म्हटलं आणि मी म्हटलं, थांबतेच आता बाबा, कायमची थांबते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद ठेवून ठिणगी आली. संगणकात कोणता प्रोग्राम किती राबतोय ते दाखवणारी खिडकी तिनं उघडली आणि मला वाचायला सांगितलं. बाबा मागे त्यांच्या खुर्चीत होते. मी सपाट वाचलं तेव्हा पडद्यावरच्या रेघा शांत होत्या. मग मी नावाडिणीची हाक वाचली. एक रेघ ताडकन वर गेली, छताला भिडली, आणि हेडफोनमध्ये चर्र झालं.

“वहिनी, पुन्हा वाच तेच,” ठिणगी म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. पुन्हा तीच रेघ. ठिणगीनं त्या रेघेखालचं नाव वाचलं. दिव्यांचा प्रोग्राम.

तो उघडल्यावर ती खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ सरकली. पडद्यावर रंगांचे थर होते, एकावर एक, एकावर एक, कांद्याच्या पाकळ्यांसारखे. एकेका पंख्याचा वेगळा, एकेका बटणाचा वेगळा. निळ्याखाली करडा, करड्याखाली अगदी पुसट पिवळा. साध्या संगणकावर इतके थर कोणी लावत नाही. आणि एका कोपऱ्यात, गाण्याच्या तालावर दिवे नाचवायची जी सोय असते, तिथे गाण्याच्या जागी माझा माईक निवडलेला होता.

ठिणगीनं मला समजावून सांगितलं. दिवे तुझ्या आवाजामागे चालतात. प्रोग्राम क्षणाक्षणाला माईकला विचारतो, आता आवाज किती, आणि त्याप्रमाणे शेकडो दिव्यांना हुकूम सोडतो. तू सपाट वाचतेस तेव्हा फार काही हलत नाही. तू वर चढलीस की सगळे थर एकदम हलतात, प्रोसेसरला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि तुझा आवाज साठवायची पाळी तेवढी हुकते. थर थोडे होते तोवर यंत्रानं पेललं, वाढत गेले तसं पेलेना. तीच चरचर.

“कारखान्यातून असेच आलेत ना हे?” मी विचारलं. उत्तर मला कळत होतं, तरी विचारलं.

ठिणगी मागे वळून आपल्या वडिलांकडे बघत होती. लहानपणी ती त्यांच्या केबिनमध्ये मांडीवर बसून नाटकं पाहायची. ती म्हणाली की नट बोलायच्या आधी श्वास घेतो ना, तेव्हा बाबा मदतनीसाला सांगायचे, थांब. तो मूठ उजेड कमीजास्त करायच्या दांड्यावर ठेवून तयार राहायचा. थांब, थांब, अजून नाही. मग शब्द फुटायचा आणि बाबा म्हणायचे, दे. की उजेड चढायचा.

“थांब आणि दे, वहिनी. त्यातलं थांब तेवढं राहिलं त्यांच्याकडे.”

मी श्वास घ्यायची आणि मागून थांब यायचं. ते मला नव्हतंच. आणि ‘दे’ म्हणायला तोंडात शब्द नव्हता, म्हणून त्यांनी तो डाव्या हातानं, सकाळी सकाळी, मी कांदे चिरत असताना, या यंत्रात घालून ठेवला होता. माझ्या वाचनात जो जीव आला होता, तो मी एकटीनं आणला नव्हता. आणि मी त्यांचा शब्द कीड म्हणून काढून टाकत होते. मला रडू आलं आणि स्वतःचा इतका राग आला की ठिणगीनं माझा हात धरून ठेवला.

आता घोडं कुठे अडलं होतं, ते तिघांनाही दिसत होतं. प्रोग्राम ठेवला तर कादंबरी गेली. काढला तर बाबांचं उरलेलं बोलणं गेलं. ठिणगी म्हणाली, जुन्या संगणकाचं एक खोकं दुकानात पडलंय, दिवे त्याच्यावर चालवू, दोन्ही होईल. मी म्हटलं, बघू. पण बाबांनी हात पुढे केला आणि हेडफोनकडे बोट दाखवलं.

मला ते ऐकवायचं नव्हतं. पण त्यांचा हात तसाच राहिला. मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला आणि हाकेची जागा चालवली. ताई, मी इ-चर्र-थे. बाबांनी डोळे मिटले. पुन्हा लावायची खूण केली. पुन्हा ऐकलं. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या शब्दाला उजेड दिला, त्याला कळलं की आपल्या उजेडानं शब्द फाटला. त्यांचा चेहरा पाहवेना. मी म्हटलं, बाबा, तुमचा दोष नाही, यंत्राची कुवत कमी पडली. त्यांनी ऐकलं नाही.

त्यांनी खुर्ची पुढे ओढायला लावली, माऊस डाव्या हातात घेतला. एक थर काढला. कीबोर्ड विझला. दुसरा काढला. पंखे विझले, पण फटकन नाही, नाटक संपताना विझतात तसे, डोळ्यांना कळणार नाही इतके हळू. भिंतीवरचा निळा करड्यात गेला, करडा पुसट पिवळ्यात, आणि तो पिवळा कितीतरी वेळ रेंगाळला. मग तोही गेला. पडद्याचा पांढरा उजेड तेवढा आमच्या तिघांच्या तोंडावर राहिला. ठिणगीनं दुसऱ्या खोक्याचा विषय पुन्हा काढला, तर बाबांनी तिचा हात बाजूला सारला. मग उठून भिंतीला धरत बाहेर गेले.

ठिणगीनं प्रोग्राम काढून टाकला. संगणक पाखरासारखा हलका झाला, चरचर पार गेली. आणि बाबा गप्प झाले. ताट वाढलं तरी गप्प, मुलगा कामावर निघाला तरी गप्प. नवरा दारात रेंगाळायचा, डबा उगाच उघडून बघायचा, आणि थांब आलं नाही की खाली मान घालून निघायचा. ज्या शब्दाला मी वैतागले होते, त्याची घरभर वाट बघत होते. दुपारी मागची खुर्ची रिकामी असायची.

मी वाचत होते. स्वच्छ, एकही खोट नाही, आणि पाण्यात भिजलेल्या बिस्किटासारखं वाचत होते. हाकेच्या जागी आले की आवाज वर जायचा खरा, पण कोणाला मारलेली हाक वाटायची नाही. मी ते मुद्रण पुसून टाकायची. नमुना पाठवायचा दिवस जवळ आला होता.

शेवटी एका दुपारी मी पुस्तक हातात घेऊन त्यांच्या खोलीत गेले. ते पलंगावर खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी विनंत्या करणाऱ्यांतली नाही, मला ते जमत नाही. पण मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले.

“बाबा, मला एकटीला येत नाहीये,” मी म्हटलं. “दिवे नकोत. तुम्ही या.”

त्यांनी वळून माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. मग डावा हात माझ्या खांद्यावर टेकवून उठले.

या वेळी मी खुर्ची मागे ठेवली नाही. माईकच्या पलीकडे, माझ्यासमोर ठेवली. दार लावलं. खोलीत पडद्याचा उजेड आणि पुस्तकावरचा छोटा दिवा, बाकी अंधार. मी वाचायला लागले. धुकं आलं, नाव आली, वल्ह्याचा आवाज आला. मी त्यांच्याकडे बघत वाचत होते, पान मला पाठच झालं होतं. त्यांचा चेहरा अर्धा दिसत होता, अर्धा नव्हता, आणि थोड्या वेळानं मला वाटायला लागलं की आम्ही दोघंही नावेत बसलोय आणि खोली हळूहळू पाण्यावर निघाली आहे. हाकेची जागा आली. मी श्वास घेतला.

“थांब,” बाबा म्हणाले.

मी थांबले. माईक चालू होता, मुद्रण चालू होतं, मी थांबले. त्यांचा डावा हात मांडीवर होता, मूठ वळलेली, दांड्यावर ठेवतात तशी. मी त्या मुठीकडे बघत राहिले. धुकं दाटत गेलं. ते नुसते बघत होते माझ्याकडे, अजून नाही, अजून नाही. मग मूठ वर उचलली गेली, सावकाश, आणि माझ्या घशातून हाक निघाली, “ताई, मी इथे आहे,” आणि ती कुठे गेली मला माहीत नाही, पण कोणीतरी ती घेतली. मूठ छातीपर्यंत वर आली, तिथेच राहिली, आणि शब्द संपल्यावर त्याच्या मागोमाग खाली आली. मी पुढचं वाक्य वाचलं.

तोच नमुना गेला आणि काम मला मिळालं. आता रोज दुपारी आम्ही दोघं बसतो. बाबा दिवसातून कितीतरी वेळा थांब म्हणतात आणि तो शब्द अर्थातच मुद्रणात येतो, मला काढावा लागतो. मी हेडफोन लावते, त्यांचा शब्द शोधते, दोन्ही बाजूंनी नीट कापते. टोकं मात्र जोडत नाही. मध्ये त्याच्याएवढीच जागा मोकळी ठेवते आणि तिथे खोलीची शांतता भरते, आम्ही दोघं गप्प बसलेलो असताना मुद्रित केलेली. फार बारकाईनं ऐकलं तर त्यात त्यांचा श्वास आहे. संपादिका परवा म्हणाली की तुम्ही कुठे थांबायचं ते फार छान जाणता. मी तिला म्हटलं, ते माझे सासरे जाणतात, आणि पुढच्या प्रकरणाचं बोलायला लागले.